दरमहा शेकडा एक

व्याख्यानमालांमध्ये, आणि आता फोनच्या पडद्यावरही, एक वाद वर्षानुवर्षं त्याच चालीवर चालला आहे. एक पक्ष म्हणतो, संस्कृती अध्यात्मावर उभ्या राहतात. रोम गेलं, बाबिलोन गेलं, आपण टिकलो ते ऋषिमुनींच्या आणि संतांच्या पुण्याईवर. दुसरा म्हणतो, इतिहास पोट आणि व्यापार घडवतात. अध्यात्म म्हणजे जेवण झाल्यावरचा विडा. पहिल्याकडे पुरावा मागावा तर तो सुभाषित काढतो, दुसऱ्याकडे मागावा तर एखाद्या परदेशी पंडिताचं नाव. आणि दोघंही एक गोष्ट न तपासता धरून चालतात: कल्पना ही डोक्यात राहणारी वस्तू आहे, आणि तिने माणसाचं मन पालटलं की नाही एवढाच काय तो प्रश्न.

प्रश्न तिथेच चुकतो. आध्यात्मिक कल्पनांनी इतिहासाला वळण दिलं आहे, यात मला शंका नाही. पण ते काम उपदेशाने फारसं झालेलं नाही. कोणी, केव्हा, काय करायचं, कशाला शिवायचं नाही, पैसे कोणाकडे ठेवायचे, असा त्या कल्पनेचा नेम झाला की मग ती डोंगर फोडते, पेढी चालवते, लाखोंना रस्त्यावर आणते. नेम झाला नाही, तर ती कितीही गोड ओवीत सांगा, गावचा पाणवठा जसा होता तसाच राहतो. हे तपासून पाहायला पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांसारखी जागा नाही, कारण तिथे कल्पना, नेम आणि हिशेब एकाच भिंतीवर कोरलेले आहेत.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई. वर्ष ४२, महिना वैशाख. त्याने लेणं चारी दिशांच्या संघाला दिलं आणि सोबत ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली. मात्र ते भिक्खूंच्या हाती पडले नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ते ठेवले गेले: एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायची नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेख बजावतो. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, अंगावरच्या वस्त्रासाठी, मिळायचे. आता जरा आकडेमोड करू. दोन हजारांवर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू, प्रत्येकी १२: बरोबर २४०. एक नाणं उरत नाही, एक कमी पडत नाही. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, हेही लेखातच आहे. मनुस्मृती तारण असलेल्या कर्जावर ऐंशीवा भाग, म्हणजे दरमहा शेकडा सव्वा, व्याज सांगते. त्या मानाने विणकरांना पैसा स्वस्त पडला, आणि तो कधीच फेडायचा नव्हता. सूत भरायला, हंगामाआधी माल उचलायला असं भांडवल कोणत्या विणकराला नको असेल?

इथे भौतिकवादी पक्ष हसून म्हणेल, झालं, आमचंच सिद्ध झालं. हा सगळा पैशाचा खेळ आहे. त्यांचा मुद्दा मुळीच कच्चा नाही, आणि तो सर्वांत नेटाने मांडला तो दामोदर कोसंबींनी, पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटा स्वतः पायाखाली घालून. नकाशा उघडा: जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या माथ्याशी, कार्ले-भाजे-बेडसे बोरघाटाच्या वर, नाशिकची थळघाटाच्या वाटेवर, कान्हेरी कल्याण आणि सोपारा या बंदरांच्या मध्ये. कार्ल्याचा चैत्य वैजयंतीच्या, म्हणजे बनवासीच्या, भूतपाल शेठींनी पुरा केला. त्यातले खांब धेनुकाकटच्या यवनांनी (ग्रीकांनी) दिले, तिथल्याच एका गंधिकानेही, म्हणजे अत्तरवाल्यानेही, हात लावला. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिलं. निर्वाणाची ओढ असलेल्या लोकांनी नेमक्या जकातीच्या वाटाच का निवडाव्यात? शिवाय इथले सातवाहन राजे स्वतः काही बौद्ध नव्हते. नाणेघाटातला राणी नागनिकेचा लेख अश्वमेध-राजसूयाच्या दक्षिणांची यादी देतो, आणि सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई त्याला ‘एकबम्हण’, म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणून मिरवते. उषवदातही ब्राह्मणांना गाई आणि गावं देतो, नद्यांवर फुकट तरी चालवतो. राजे दोन्ही डगरींवर हात ठेवत होते, मग त्यात कल्पनेचा वाटा तो किती?

हे सगळं मान्य. लेणी कुठे खोदली गेली ते व्यापाराने ठरवलं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. भिक्षेवर जगणारा माणूस वस्तीपासून लांब राहूच शकत नाही. पण ती *कशी* खोदली गेली, त्यांच्यामागे कसला व्यवहार उभा राहिला, हे व्यापार सांगू शकत नाही. व्यापाऱ्याला घाटात काय लागतं? धर्मशाळा, गोदाम, पाणी, पहारा. त्याला दगडातल्या लहान-लहान खोल्या, त्यात दगडी ओटे आणि मधोमध स्तूप लागत नाही. आणि धंद्याच्या हिशेबाने पाहिलं तर मुद्दल कायमची सोडून देणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

तो वेडेपणा कुठून आला हे पाहायचं तर एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या नियमापासून सुरुवात करावी लागते. विनयाची, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथांची, परंपरा सांगते की पावसाळ्यात भटकणारे भिक्खू हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी कुरकुर केली, म्हणून आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. गंगेच्या मैदानात हा नियम झोपडीत पाळता येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर श्रावणात झोपडी बांधून दाखवावी! इथे अहिंसेच्या त्या नियमाला दगडाचं छप्पर लागलं. काळ्या पाषाणात लेणं कोरताना वरून खाली यायचं असतं: आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. त्यामुळे परांची लागत नाही आणि फुटलेला दगड खाली ढकलता येतो. पण चूक झाली तर दगड परत चिकटवता येत नाही. मध्येच लाल मातीचा मऊ थर लागला किंवा सांध्यातून पाणी झिरपू लागलं की काम तसंच सोडावं लागतं. अर्धवट लेणी आपल्याकडे कमी नाहीत. दर्शनी भागावरून पाणी ओघळू नये म्हणून वर पन्हळ कोरायची, ती वळवून टाक्यात आणायची. टाक्याचं तोंड लहान ठेवायचं आणि आत खडक पोखरत न्यायचा, म्हणजे ऊन कमी लागतं, पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरतं. कान्हेरीला शंभरहून अधिक लेणी आणि त्यांच्याशी लगटून टाकी आहेत. हे सगळं शहरातलं पाणी-नियोजन वाटावं असं आहे, आणि ते उभं राहिलं गवत तुडवू नये म्हणून. (लेखांत घराला ‘लेण’ आणि टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. पहिला शब्द आपण अजून रोज वापरतो, दुसरा गडकोट हिंडणाऱ्यांच्या तोंडी राहिला.)

दुसरा नियम सोन्या-चांदीचा. भिक्खूने ते घ्यायचं नाही. परंपरेप्रमाणे बुद्धानंतर शंभरेक वर्षांनी वैशालीला जो तंटा झाला, त्यातला एक मुद्दा हाच होता. आता दाता नाणी घेऊन दारात उभा आहे आणि घेणाऱ्याला नाण्याला हात लावायचा नाही. मग पैसा जाणार कुठे? तिसऱ्याकडे. विणकर, तेली, कुंभार यांच्या श्रेणीकडे. त्यात ‘चारी दिशांचा संघ’ ही कल्पना आहे: दान कुठल्या एका महंताला किंवा मठाला नाही, आलेल्या आणि पुढे येणार असलेल्या सगळ्या भिक्खूंना. असा मालक मरत नाही, त्याची मुलं वाटण्या मागत नाहीत, त्याच्यावर कर्ज चढत नाही. न मरणारा मालक असेल तरच न संपणारी ठेव ठेवता येते, आणि तिला लेखांत ‘अक्षयनीवी’ असं नाव आहे. नाशिकलाच पुढे आभीर राजाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने कुंभार, पाणयंत्रं करणारे आणि तेली यांच्या श्रेणींत ठेवी ठेवल्या, आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. ही व्यवस्था व्यापाराच्या पोटातून आपोआप जन्मते असं ज्यांना वाटतं, त्यांनी सांगावं की व्यापाऱ्याने स्वतःच्या म्हाताऱ्या आईच्या औषधासाठी अशी ठेव कुठे ठेवल्याचं दिसतं?

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो अभ्यासकांनीच काढला आहे. दात्यांच्या यादीत भिक्खू आणि भिक्खुणीही आहेत. पैशाला शिवायचं नाही तर दान कुठून केलं? म्हणजे नियम कागदावरच होता. मान्य, नियम मोडला जात होता. पण अर्धवट पाळलेला नियमही वाटा आखतो. आयकर चुकवणारे पुष्कळ आहेत, म्हणून हिशेबाच्या वह्या करामुळे बदललेल्या नाहीत असं कोणी म्हणत नाही. उलट चुकवणाऱ्याची वही सर्वांत जास्त त्या करानेच घडलेली असते.

आणि हे एकट्या बौद्धांचं नाही, नाहीतर हा लेख एका धर्माची जाहिरात ठरेल. चोळांच्या देवळांतल्या लेखांत अखंड नंदादीपासाठी मेंढ्या दिल्याच्या नोंदी ढिगाने आहेत, बहुतेकदा एका दिव्याला ९६. धनगराने रोज एक उळक्कु (एक माप) तूप द्यायचं. आणि त्या मेंढ्यांना शब्द आहे ‘सावा मूवा पेराडु’, न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या. मेंढी मरणारच, पण कळप वाढतो, तेव्हा पट कायम ९६ धरायचा. दिवा विझू नये ही श्रद्धा, तिच्यातून निघाला घसारा भरून काढणारा हिशेब.

कल्पनेचा जोर आणि साधनांची मर्यादा एकत्र पाहायची तर जपानकडे जावं. ७६४ च्या बंडानंतर सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लाख लहान लाकडी स्तूप करवले आणि प्रत्येकात छापलेली धारणी, म्हणजे बौद्ध मंत्र, घातली. काम ७७० च्या सुमारास पुरं झालं, स्तूप दहा मोठ्या मंदिरांना वाटले गेले. हा मजकूर कोणी वाचायचा नव्हता. तो स्तूपाच्या पोटात बंद होता. दहा लाख प्रती, वाचक शून्य. हे कुठल्या बाजारपेठेने मागितलं होतं? पुण्य प्रतींच्या संख्येवर वाढतं, या एका विश्वासाने छपाईला तेव्हा असं काम दिलं जे वाचकांनी कित्येक शतकं दिलं नसतं. चीनमधल्या तुनहुआंगला मिळालेलं ८६८ सालचं वज्रच्छेदिका सूत्रही एका माणसाने आईवडिलांच्या नावे फुकट वाटण्यासाठीच छापवलेलं आहे. मग हाच विश्वास ज्या देशातून गेला त्या भारतात छपाई का झाली नाही? कारण इथेही लोक शिक्के मारत होते, पण मातीवर. नालंदाला ‘ये धर्मा’ ही गाथा उमटवलेल्या मातीच्या टिकल्या सापडतात. चीनकडे कागद होता, आपल्याकडे ताडपत्र, आणि ताडपत्रावर लाकडी ठसा कसा उमटणार? भौतिकवाद्यांना इथे पूर्ण मान द्यावा लागतो. ढकलणारी कल्पना एकच होती. कुठे काय बाहेर पडलं ते हाताशी असलेल्या वस्तूने ठरवलं.

आता आपल्या घरचा वाद. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मांडलं की संतांनी जमीन नांगरली म्हणून स्वराज्याचं पीक आलं. युरोपातल्या धर्मसुधारणेशी त्यांनी तुलना केली. इतिहासकार राजवाड्यांनी उलट संतांना ‘संताळे’ म्हणून हिणवलं, त्यांनी महाराष्ट्र पांगळा केला म्हणाले. शंभराहून अधिक वर्षं आपण याच दोन खुंट्यांना टांगून घेतो आहोत. दोघांचीही चूक एकच: संतांनी लोकांच्या *मनात* काय पेरलं, शौर्य की वैराग्य, हे शोधत बसले. अभंगाने तलवार उचलायला लावली की खाली ठेवायला, हे कोणत्या कागदावरून ठरवणार?

वारीत नेमाचा जो भाग आहे तिकडे बघा. आषाढीची तिथी ठरलेली, वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला जी घडी घालून दिली, तीत रथापुढच्या २७ दिंड्यांचेही क्रमांक बांधलेले आहेत. दिंडीत वीणेकरी, मृदंगी, टाळकरी, पताकावाले, तुळस घेतलेली बाई. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबायचे. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने टाळ वाजवत राहायचं, ती ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. लाखोंच्या जमावात तक्रार मांडायची याहून नेटकी पद्धत आपल्या ग्रामसभांनीही अजून काढलेली नाही. आणि ग्रंथाचं घ्या. १२९० ची ज्ञानेश्वरी पाठांतरात आणि नकलांत बिघडत गेली, तेव्हा एकनाथांनी १५८४ साली पाठ शुद्ध केला आणि दटावलं की यात जो स्वतःची मऱ्हाटी ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली. कुठल्याही दरबाराचा हुकूम नसताना गावोगावच्या निरक्षर माणसांकडे एकच मजकूर, एकाच भाषेत, तोंडपाठ राहिला, तो असल्या नेमांमुळे. स्वराज्य यातून जन्मलं असं मी म्हणत नाही. पण मराठी बोलणारे ‘आपण’ कोण, याचं उत्तर तलवारीच्या आधीपासून दरवर्षी चालून दाखवलं जात होतं.

मग यावरचा सर्वांत जड आक्षेप: भेदाभेद भ्रम अमंगळ म्हणणाऱ्या या पंथाच्या दैवताचं, पंढरपूरच्या विठोबाचं, दार दलितांना कधी उघडलं? १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी उपोषण करून प्राण पणाला लावले तेव्हा. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच होती. सहा शतकं अभंग गाऊन दार किलकिलं झालं नाही, तर कल्पनेची शक्ती ती हीच का? हा आक्षेप अध्यात्मवाद्यांना निरुत्तर करतो, आणि करायलाच हवा. माझ्या म्हणण्याला मात्र तो बळच देतो. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायचं हा नेम होता, म्हणून तिथे समता दिसली. जेवणाचा नेम झाला नाही: इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळेच जेवत होते. आणि गाभाऱ्यात तर उलटाच नेम होता, बडवे-उत्पात या पुजाऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा आणि उत्पन्नाचा. त्याच्यापुढे अभंग हरला. ते हक्क हलायला १९७३ चा कायदा आणि २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ज्यांना समता हवी होती त्यांनी ओव्यांसोबत स्वयंपाकघर आणि दानपेटीही मागायला हवी होती. महात्मा फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद उघडला तो याचसाठी, प्रवचन देऊन ते थांबले नाहीत.

नेम झालेली कल्पना चांगल्याच दिशेला ढकलते असंही नाही. शुद्धाशुद्धीचा विचार पुण्यात इतका घट्ट नेम होता की १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली म्हणून रानडे आणि टिळक यांच्यासकट बड्या-बड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, प्रायश्चित्तांचा घोळ वर्षानुवर्षं चालला. एका कप चहाने! आणि अक्षय ठेवीचंही तसंच. मुद्दल हलवायची नाही म्हटलं की चोर हलवू शकत नाही, पण शहाणाही हलवू शकत नाही. श्रेणी मोडली, नाणं बदललं, व्यापाराची वाट दुसऱ्या घाटाने गेली, तरी कागद म्हणतो तेच चालवायचं. वक्फ आणि देवस्थान इनामांचं पुढे जे झालं, त्याचा बराचसा भाग या गाठीत अडकलेला आहे.

ही गाठ फार जुनी आहे. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांत बहुतेक नाण्यांवर त्याने नहपानाच्या ठशावर स्वतःचा ठसा मारलेला आहे. तरी आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी तो त्रिरश्मीच्या त्याच भिक्खूंना जमीन देतो, २०० निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप), आणि ती उषवदात खात होता हेही लिहितो. मालक बदलला, घेणारा तोच. चोविसाव्या वर्षी त्याच भिंतीवर दुसरा लेख येतो, आईच्या नावासह, गोवर्धनचा अमात्य (राजाचा अधिकारी) श्यामक याला उद्देशून. कखडी गावातलं आधी दिलेलं शेत, म्हणतो, ‘न कसते’, आणि ते गाव ‘न वसति’. म्हणून आता नगराच्या शिवेवरच्या राजाच्या खासगी जमिनीतून १०० निवर्तनं द्यावीत; त्यात राजाच्या माणसांनी शिरू नये, कोणी मिठासाठी ती खणू नये. दिलेलं शेत कोणी कसलं नाही, गाव उठून गेलं, आणि राजाला सहा वर्षांत दान पुन्हा, निम्म्या जमिनीने, मोजून द्यावं लागलं.